अंगावर राहिलेली उचल

मराठवाड्यात दुखणं सांगायची एक रीत आहे. "काही नाही, अंगावर काढलं." ताप अंगावर काढला, खोकला अंगावर काढला. पाळीचा त्रास तर बाया वर्षानुवर्षं अंगावर काढतात. त्या बोलण्यात तक्रार नसते, थोडा अभिमानच असतो. याच मुलखात 'अंगावर' हा शब्द आणखी एका ठिकाणी ऐकू येतो. साखर कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं, ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं परततात, हिशेबाला बसल्यावर मुकादम सांगतो, "एवढी उचल अंगावर राहिली." उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. हंगाम संपला, घाम गाळून झाला, पण फेड संपली नाही. ती पुढच्या साली.

कोरोनानंतरच्या शरीराचं असंच झालं. ताप उतरला, रिपोर्ट निगेटिव्ह आला, माणूस घरी आला, दारात ओवाळून झालं आणि सगळ्यांनी हिशेब मिटला असं धरलं. त्यातल्या कित्येकांच्या अंगावर उचल तशीच राहिली होती. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या राहिलेल्या दुखण्याची व्याख्या केली : आजार सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनीही लक्षणं असतील, ती किमान दोन महिने टिकली असतील आणि त्यांना दुसरं कारण सापडत नसेल, तर ते कोविडपश्चात दुखणं. संघटनेच्या अंदाजाप्रमाणे कोविड झालेल्या शंभरातल्या सहा जणांच्या वाट्याला ते येतं. सहा हा आकडा लहान वाटतो. चार हजार वस्तीच्या गावात दोन हजारांना कोविड होऊन गेला असेल, तर ती एकशेवीस माणसं होतात. यातल्या बहुतेकांच्या दुखण्याला घरात नावच नसतं. "गळाठा आलाय", "हातापायात त्राण नाही", "पहिल्यासारखं होत नाही", एवढंच.

साथीनंतर शरीर उशिरा हिशेब मागतं, हे इथल्या जुन्या लोकांना नवं नसावं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे 'मानमोडी' म्हणत. त्या साथीत हिंदुस्थानात एक ते दोन कोटींच्या दरम्यान माणसं गेली, असे अंदाज मांडले जातात. आणि २००६ चा चिकुनगुनिया तर आजच्या पन्नाशीतल्या माणसांना चांगला आठवतो. ताप पाच-सात दिवसांचा, पण मनगटं, घोटे आणि बोटांचे सांधे काहींचे वर्ष-दोन वर्षं धरून राहिले. सकाळी उठल्यावर मूठ वळत नव्हती, भाकरी थापता येत नव्हती. तेव्हा कुणी म्हटलं नाही की हे मनाचे खेळ आहेत, कारण सुजलेला सांधा डोळ्यांना दिसत होता. कोरोनानंतरचा थकवा दिसत नाही. म्हणून तो सगळ्यात जास्त उपेक्षित राहिला, आणि म्हणून इथे त्याला सगळ्यात जास्त जागा द्यायची आहे.

आधी फुप्फुस, कारण लोकांनी धास्ती घेतली ती त्याची. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत 'स्कोअर' हा शब्द पारावर येऊन बसला. "त्याचा बारा आला, तिचा अठरा." एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा, हा आकडा पंचवीसपैकी असतो. फुप्फुसाचे पाच खण, उजवीकडे तीन आणि डावीकडे दोन, आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त पाच गुण. फोटो काढला त्या दिवशी किती भाग व्यापला होता, एवढंच तो आकडा सांगतो. सहा महिन्यांनी माणूस जिना चढेल की नाही, हे त्यात लिहिलेलं नसतं. अठरा स्कोअरवाला वर्षभरात नांगराला लागलेला दिसतो आणि दोन स्कोअरवाली बाई हंडा उचलताना थरथरते. फुप्फुसातले बहुतेक डाग काही महिन्यांत विरतात, काही रेघा मात्र राहतात. दर महिन्याला सीटी काढून हाती काही लागत नाही, पैसे तेवढे जातात. तीन महिन्यांनीही धाप लागत असेल तर छातीचा फोटो, फुंकून करायची स्पायरोमेट्री आणि हवेतला वायू रक्तात किती उतरतो ते मोजणारी चाचणी, हा क्रम योग्य. सीटी त्यानंतर, छातीच्या डॉक्टरांनी सांगितला तर.

घरी करता येईल अशी सगळ्यात कामाची तपासणी म्हणजे सहा मिनिटं चालणं. शाळेचा व्हरांडा किंवा सपाट रस्ता घ्यावा, दोरीने तीस मीटर मोजून दोन्ही टोकांना दगड ठेवावा. आधी दहा मिनिटं खुर्चीवर बसून बोटाच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन आणि नाडी मोजून लिहून घ्यायची. मग आपल्या चालीने, न पळता, सहा मिनिटं येरझाऱ्या घालायच्या आणि थांबल्या थांबल्या पुन्हा मोजायचं. बसल्यावर ९६ असलेला आकडा ९२ वर आला, म्हणजे तीन-चार अंकांनी घसरला, तर फुप्फुस अजून भरून आलेलं नाही. ९० च्या खाली गेला तर तिथंच थांबून बसायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दमेकरी, छातीत दुखणारे, नुकताच हृदयविकार झालेले यांनी हे एकट्याने करू नये. चालायला जागा नसेल तर हात न टेकता एक मिनिट खुर्चीवरून ऊठबस करावी आणि किती वेळा झाली ते लिहून ठेवावं. पंधरा दिवसांनी तीच खुर्ची, तीच वेळ. खुर्ची बदलली की आकड्याला अर्थ राहत नाही.

बोटाला लावायचा तो चिमटा जवळपास प्रत्येक गावात कुणाकडे ना कुणाकडे पडून आहे, पण तो नीट लावला जात नाही. मेंदी किंवा नेलपेंट असलेलं बोट नको. थंडगार हात आधी चोळून ऊबदार करायचे. हात छातीच्या पातळीवर स्थिर ठेवायचा आणि आकडा निदान मिनिटभर एका जागी टिकेपर्यंत थांबायचं. पहिल्या पाच सेकंदांतला आकडा बघून रडारड करण्यात अर्थ नाही आणि निर्धास्त होण्यातही नाही. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गडद त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा थोडा जास्त ऑक्सिजन दाखवतं. उन्हातान्हात काम करणाऱ्या आपल्या माणसाचा आकडा ९३ असेल आणि तो बोलताना अडखळत असेल, तर यंत्रापेक्षा माणसावर विश्वास ठेवावा.

दवाखान्यातून येताना अनेकांना तीन रंगीत गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र मिळालं. ते नातवंडांच्या खेळण्यात गेलं, कारण बहुतेकांनी त्यात फुंकून पाहिलं आणि गोळ्या हलल्या नाहीत. ते फुंकायचं यंत्र नाही, ओढायचं आहे. आधी श्वास पूर्ण सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि हवा सावकाश आत ओढायची. पहिली गोळी साधारण सेकंदाला ६०० मिलिलिटरच्या ओढीला वर जाते, दुसरी ९०० च्या आणि तिसरी १२०० च्या. तिन्ही गोळ्या झटक्यात उडवण्यात काही कमाई नाही. एक-दोन गोळ्या दोन-तीन सेकंद वर टेकवून ठेवणं जास्त मोलाचं, कारण खालचे मिटलेले वायुकोश उघडायला तेवढा वेळ लागतो. एका बैठकीला दहा वेळा, मधे दम घेत. चक्कर आली तर आपण घाई करतोय, थांबायचं. धाप लागते तेव्हा ओठांचा चंबू करून, गरम दुधावर फुंकर घालतो तसा श्वास सोडावा. दोन मोजेपर्यंत नाकाने आत, चार मोजेपर्यंत तोंडाने बाहेर. श्वासनळ्या लवकर मिटत नाहीत, साचलेली हवा बाहेर पडते आणि पुढच्या श्वासाला जागा होते. चुलीचा धूर, तुरीच्या मळणीची धूळ आणि जिनिंगमधला कापसाचा कचरा या छातीला वर्षभर तरी वर्ज्य. टाळणं शक्यच नसेल तर तोंडाला नीट बसणारा मास्क हवा. उपरण्यातून बारीक धूळ आत जाते.

आता थकवा.

साधा अशक्तपणा आणि हा थकवा यांत एक फरक आहे, आणि तो कळला नाही तर औषध उलटं पडतं. महिनाभर अंथरुणावर पडलेला माणूस शेतात गेला तर तिथंच दमतो. रात्री झोपला की सकाळी बरा वाटतो आणि रोज थोडं थोडं वाढवलं की आठवड्या-आठवड्याने ताकद येते. कोरोनानंतरच्या या थकव्यात काम करताना बरं वाटतं. कधी कधी तर फार बरं वाटतं. बाई म्हणते, आज उमेद आली, घर सारवलं, धुणं धुतलं, दळण आणलं. दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी ती उठूच शकत नाही. अंग मोडून आल्यागत होतं, घसा धरतो, डोकं जड होतं, बोलताना शब्द सापडत नाही. कामानंतर बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी ही पडझड होते आणि पुढे चार दिवस, कधी पंधरवडा टिकते. मधे एक रात्र गेल्यामुळे परवाच्या सारवणाचा आणि आजच्या पडण्याचा संबंध घरात कुणाच्या लक्षात येत नाही. उलट ऐकावं लागतं, "परवा तर चांगली फिरत होतीस."

ही उचलच आहे. परवा शरीराने जवळ नसलेलं भांडवल काढून दिलं आणि आज व्याजासकट वसूल केलं. हे नुसतं उपमेपुरतं नाही. ॲम्स्टरडॅममधल्या संशोधकांनी असा त्रास असलेल्या २५ आणि निरोगी २१ जणांना जेमतेम पंधरा मिनिटं सायकल चालवायला लावली आणि आधी व नंतर मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. जानेवारी २०२४ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या स्नायूंतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा मंद पडलेली होती आणि व्यायामानंतर तंतूंची इजा वाढलेली दिसली. म्हणून अशा माणसाला "जरा हिंडत-फिरत जा, आळस झटक" हा प्रेमाने दिलेला सल्ला नुकसान करतो. 'रोज थोडं जास्त' हा व्यायामाचा नियम इथे चालत नाही.

मग काय चालतं? एक वही. डावीकडे आज काय केलं आणि किती मिनिटं, उजवीकडे आज कसं वाटलं. दोन आठवडे काही न बदलता फक्त लिहायचं. मग उलट्या बाजूने वाचायचं : ज्या दिवशी पडून राहावं लागलं, त्याच्या आधीच्या दोन दिवसांत काय झालं होतं? चार-पाच वेळा हे जुळलं की आपली मर्यादा सापडते. समजा, एकूण चाळीस मिनिटं उभ्याने काम झालं की तिसऱ्या दिवशी पडझड होते, तर आजपासून तीस मिनिटांवर थांबायचं. तेही एका दमात करायचं नाही. दहा मिनिटं काम, पंधरा मिनिटं आडवं. दम लागण्याआधी थांबायचं, दम लागल्यावर नव्हे. सगळ्यांना अवघड जातं ते हेच, कारण आपल्या संस्कारात काम अर्धं टाकून उठणं म्हणजे कामचुकारपणा. बरं वाटतंय त्या दिवशीही तीसच मिनिटं. तीन आठवडे एकदाही पडझड झाली नाही, तर पाच मिनिटं वाढवून बघायची. सकाळी उठण्याआधी अंथरुणातच मिनिटभर नाडी मोजावी. रोज ७४ असते आणि आज ८६ आली, तर वही न उघडताच कळतं की आज विश्रांतीचा दिवस.

कामं बसून करता येतात. भाजी निवडणं, पीठ मळणं बसूनच. गॅसचा ओटा असेल तर समोर उंच स्टूल. आंघोळीला पाट नको, स्टूल घ्यावं, कारण खालून उठताना जास्त ताकद जाते. पाण्याचे दोन हंडे एका खेपेत आणण्यापेक्षा अर्धी घागर, दोन खेपा, मधे विसावा. हे सासूला, जावेला, नवऱ्याला पटवणं हा उपचाराचा भाग आहे आणि ते काम डॉक्टर किंवा आशाताईंनी घरच्यांना समोर बसवून केलं पाहिजे. आजारी बाईने स्वतः सांगितलं तर ते निमित्त ठरतं, हे आपण सगळे जाणतो.

या थकव्याच्या आड आणखी एक दुखणं लपलेलं असतं. टँकर आला, रांगेत उभं राहिलं आणि पाच मिनिटांत छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढं अंधारी, झीट येऊन बसावं लागलं. हे 'घाबरट स्वभाव' म्हणून सोडून दिलं जातं. तपासणी सोपी आहे. दहा मिनिटं आडवं राहून नाडी आणि रक्तदाब मोजायचा. मग भिंतीपासून वीतभर पुढे टाचा ठेवून, पाठ भिंतीला टेकून दहा मिनिटं न हलता उभं राहायचं, दर दोन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. शेजारी माणूस हवाच. रक्तदाब फारसा न पडता मोठ्या माणसाची नाडी तीसने किंवा त्याहून जास्त वाढून तशीच राहिली, तर उभं राहिल्यावर रक्त पायांत साचतंय आणि रक्तवाहिन्या आवळण्याचं आपोआप चालणारं काम बिघडलंय. मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या उन्हात घाम जातो, रक्तातलं पाणी घटतं आणि हे दुप्पट होतं. अशांना दिवसाला दोन-तीन लिटर पाणी, मीठ घातलेलं ताक, मांडीपर्यंतचे घट्ट मोजे, उठताना आधी मिनिटभर बसणं, रांगेत पोटऱ्या आवळत राहणं याने पुष्कळ उतार पडतो. मात्र रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचं दुखणं असेल तर वाढीव मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि सगळ्या धडधडीला हेच कारण नसतं. आधी ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्यावं. आपल्याकडच्या बायांत रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की कोरोनाच्या नावावर रक्ताची कमतरता खपून जाते.

पुढचा भाग विषाणूचा कमी आणि औषधाचा जास्त आहे. १६ जून २०२० रोजी ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीने सांगितलं की डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिलं तर ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्यांचे मृत्यू कमी होतात. त्याच चाचणीने हेही सांगितलं की ज्यांना ऑक्सिजन लागलेला नाही त्यांना त्याचा फायदा नाही. पहिलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं, दुसरं वाटेत सांडलं. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. मेडिकलवाल्याने दिल्या, व्हॉट्सॲपवर फिरलेल्या चिठ्ठीवरून घेतल्या गेल्या. ताप उतरला, तरतरी आली, भूक लागली, म्हणून दहा दिवसांच्या वीस दिवस झाल्या.

स्टेरॉइडने साखर वाढते हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय, पण ती कधी वाढते हे नाही. सकाळी गोळी घेतली तर साखर दुपारच्या जेवणानंतर चढते, संध्याकाळी शिगेला जाते आणि पहाटेपर्यंत उतरते. म्हणून उपाशीपोटीची तपासणी नॉर्मल येते आणि माणूस निश्चिंत होतो. अशा वेळी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचलं पाहिजे. २०० च्या वर गेली तर ते दुर्लक्षण्यासारखं नाही. ज्यांना आधी कधी साखर नव्हती त्यांनीही कोरोनानंतर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी, करावी. ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. ही तपासणी लोहाच्या कमतरतेत खोटी जास्त येऊ शकते. ज्या बाईचं हिमोग्लोबिन आठ आहे तिच्याबाबत एचबीए१सीवरून निर्णय करू नये, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर बघावी.

साखर आणि स्टेरॉइड एकत्र आले तिथे २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस उभा राहिला. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, नांदेडला, लातूरला, अंबाजोगाईला माणसं एका बाजूचा सुजलेला चेहरा घेऊन येत होती. लोक त्याला काळी बुरशी म्हणू लागले, पण बुरशी काळी नसते. तिचे कण मातीत, शेणखतात, कुजलेल्या पाल्यात कायम असतात आणि आपण ते रोज श्वासात घेतो. साखर वाढलेली, प्रतिकार दबलेला असला की ते नाकात रुजतात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदून आत वाढतात. वाहिनी तुंबते, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, तो मरतो. काळा दिसतो तो हा मेलेला भाग. ऑपरेशन का करावं लागतं याचं उत्तरही इथेच आहे. औषध रक्तातून जातं, आणि जिथे रक्तच पोचत नाही तिथे औषध कसं पोचणार? मेलेलं हाड आणि मांस काढल्याशिवाय इंजेक्शन लागू पडत नाही. नातेवाइकांना हे कारण नीट सांगितलं असतं तर जबडा काढायला नाही म्हणण्यात गेलेले मोलाचे दिवस वाचले असते.

हे इंजेक्शन म्हणजे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी, रोज किलोमागे ५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या रोज, आणि असं तीन ते सहा आठवडे. ते ग्लुकोजच्या सलाइनमधूनच द्यायचं असतं, मिठाच्या सलाइनमध्ये साका धरतं. त्याने मूत्रपिंडावर ताण येतो, पोटॅशियम उतरतं, म्हणून एक-दोन दिवसाआड रक्त तपासावं लागतं. कोरोना मागे पडला तरी मधुमेह राहिला आहे, त्यामुळे ही लक्षणं आजही घरात माहीत असावीत : एकाच बाजूचा गाल दुखणं किंवा बधिर होणं, नाकातून काळपट खपली, वरचे दात अचानक हलणं, टाळूवर काळा व्रण, एका डोळ्याची पापणी पडणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं. यातलं एक जरी साखरवाल्या माणसाला दिसलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी, सोमवारच्या बाजाराची वाट न बघता.

वाचलेल्यांचं पुढे काय झालं, याबद्दल फार कमी बोललं गेलं. वरचा जबडा काढला की तोंड आणि नाक यांच्यामधली भिंत जाते. पाणी प्यायलं तर नाकातून येतं, बोलणं नाकात जातं, फोनवर बोललेलं समजत नाही, माणूस पंगतीला जायचं सोडतो. यावर उपाय आहे. टाळूचं भोक बंद करणारी, दातांसकट बनवलेली कवळी, म्हणजे ऑब्ट्युरेटर. सरकारी दंत महाविद्यालयांत ती बनते. ऑपरेशननंतर आधी तात्पुरती बसवतात आणि जखम आकसून स्थिर झाली की, साधारण तीन ते सहा महिन्यांनी, कायमची. पहिली ढिली झाली म्हणून अनेकांनी ती पेटीत टाकून दिली. ती ढिली होणारच, कारण जखम भरताना पोकळीचा आकार बदलतो. परत जाऊन भरून घ्यायची असते. प्रत्येक जेवणानंतर काढून मऊ ब्रशने धुवावी, पोकळीवरून कोमट मिठाचं पाणी फिरवावं. कवळी उकळत्या पाण्यात घालू नये, तिचा आकार बिघडतो. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून काला करून खाल्ली की त्रास कमी होतो. जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि आठवड्याला एकेक वाढवायची. हे करणाऱ्यांचं बोलणं पुष्कळ सुधारतं.

स्टेरॉइडचा दुसरा हिशेब आणखी उशिरा येतो, काही महिन्यांनी, कधी वर्षानंतर. मांडी घालून बसता येत नाही. दुखतं ते जांघेत, कधी गुडघ्यात, म्हणून गुडघ्याचा फोटो निघतो आणि तो चांगला येतो. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड आतून मरत चाललेलं असतं. सुरुवातीला साध्या एक्स-रेत ते दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी कोरोनातून उठलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसांत हे पाहिलं. गोळा चपटा होण्याआधी कळलं तर भार कमी करून, औषधांनी किंवा छोट्या शस्त्रक्रियेने सांधा वाचू शकतो. वेदनाशामक गोळ्या खाऊन वर्ष काढलं तर बदलावा लागतो. स्टेरॉइड घेतलेल्या माणसाला पंगतीत मांडी घालताना जांघेत कळ आली, तर तो वाताचा त्रास समजू नये.

वास गेलेल्यांसाठी थोडक्यात. लवंग, लिंबाची साल, निलगिरीचं तेल, गुलाब. दिवसातून दोन वेळा, प्रत्येक वास वीस सेकंद, तो वास कसा होता हे आठवत. निदान बारा आठवडे. मधेच कांद्याच्या फोडणीला किंवा येसराला कुजका वास येऊ लागला तर घाबरू नये, मज्जातंतू नव्याने जुळताना असं होतं. तोवर गॅसचं बटण आणि शिळं अन्न दुसऱ्याने तपासावं. मूठमूठ केस गळतात ते तापानंतर दोन-तीन महिन्यांनी आणि सहाएक महिन्यांत परत येतात. त्यासाठी महागडी तेलं घेऊ नयेत. तेवढ्या पैशांत शेंगदाणे, मटकी, अंडी येतात. पन्नास किलोच्या माणसाला भरून येण्याच्या काळात दिवसाला साठ ग्रॅमपर्यंत प्रथिनं लागतात, आणि नुसत्या भाकरी-ठेच्यात ती पुरी भरत नाहीत.

खोकल्याचं मात्र थोडक्यात सांगून चालणार नाही. २०१९ मध्ये देशात क्षयाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये १८ लाख. क्षय कमी झाला नव्हता, तपासणी थांबली होती. न सापडलेली ती माणसं घराघरांत खोकत राहिली, आणि स्टेरॉइडने काहींचा झोपलेला क्षयही जागा झाला. आजही खोकला लांबला की "कोरोना होऊन गेलाय, छाती नाजूक झालीय" असं म्हणून सोडून देतात. दोन आठवड्यांच्या वरचा खोकला, संध्याकाळची कणकण, उतरलेलं वजन असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात बेडका द्यावा. थुंकी देऊन उपयोग नाही. सकाळी उठून चूळ भरायची, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खाकरून जे येईल ते डबीत. यंत्रावरची तपासणी मोफत आहे आणि काही तासांत उत्तर देते.

मनाचं दुखणंही अंगावरच काढलं गेलं. दवाखान्यातून माणूस परत आला नाही, तोंड बघायला मिळालं नाही, दहाव्याला चार माणसं. अतिदक्षता विभागातून परतलेल्यांना अजून यंत्रांचे आवाज स्वप्नात येतात, झोप मोडते, हिशेबात चुका होतात. ही त्या आजाराचीच लक्षणं आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडच्या, धाराशिवच्या, जालन्याच्या गावांतून टोळ्या निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एकाने कच खाल्ली तर दोघांचा रोज जातो, वर खाड्याचा दंड. अशा माणसाला 'विश्रांती घ्या' म्हणून चिठ्ठी देणं म्हणजे त्याच्या हातात न वटणारा चेक देणं आहे. म्हणून निघण्याआधी निदान पंधरा दिवस, उचल घेण्याच्या आधी, ज्याला कोरोनानंतर बरं वाटलेलं नाही त्याची सहा मिनिटांची चाल, जेवणानंतरची साखर, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब गावातच बघून घ्यावं. आकडे घसरलेले असतील तर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रक भरणं त्या साली त्याने घेऊ नये. पाचट काढणं, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) बांधणं अशी कामं टोळीत आपसात वाटून घेता येतात, आणि हे बोलणं गावात असतानाच झालं पाहिजे, फडात पोचल्यावर नाही. साखरेच्या गोळ्या सहा महिन्यांच्या मिळत नसतील तर कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राचं नाव लिहून घ्यावं. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स, कोणतं स्टेरॉइड किती दिवस घेतलं त्याची नोंद आणि ती थकव्याची वही, असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत तळाला न ठेवता वर ठेवावं. कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, पावसाचं पाणी शिरतं, आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर शोधायला उजेड नसतो.